पेडलट्रेन क्लासिक ज्युनियर आणि स्ट्रायमन झूमा: सहा पेडलांचा बोर्ड उभा करताना

गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडलं निवडण्यात महिने जातात आणि त्यांना वीज कुठून द्यायची हे शेवटच्या दिवशी ठरतं. ती ज्यावर मांडतात त्या बोर्डाची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात. म्हणून या परीक्षणात पेडलांच्या आवाजाबद्दल कमी आणि त्यांच्या खाली, मागे आणि मधे जे असतं त्याबद्दल जास्त लिहिलं आहे. पारखायला घेतलेल्या गोष्टी तीन: पेडलट्रेनची क्लासिक ज्युनियर ही फ्रेम, स्ट्रायमनचा झूमा हा पॉवर सप्लाय (तुलनेला ट्रूटोनचा वन स्पॉट अडॅप्टर) आणि पॅच केबलचे, म्हणजे पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या आखूड केबलचे, दोन प्रकार. वर बसवायची पेडलं मुद्दाम नेहमीचीच धरली आहेत: बॉस टीयू-3 ट्यूनर, एमएक्सआर डायना कॉम्प कॉम्प्रेसर, आयबानेझ टीएस9 ओव्हरड्राइव्ह, बॉस डीएस-1 डिस्टॉर्शन, बॉस डीडी-8 डिले आणि ट्रेमोलो-रिव्हर्बसाठी स्ट्रायमन फ्लिंट.

निकाल आधीच सांगतो. फ्रेम उत्तम आहे, पण तिच्याऐवजी दुसरी घेतली तरी आवाजात फरक पडत नाही. झूमा या सहा पेडलांसाठी गरजेपेक्षा मोठा आहे, तरीही पैसे घालायचे तर तिथेच घालावेत. केबलच्या बाबतीत डाग देता, म्हणजे सोल्डर करता, येत असेल तर डाग द्यावा.

फ्रेम

क्लासिक ज्युनियर 18 इंच रुंद आणि 12.5 इंच खोल आहे, म्हणजे साधारण 45.7 बाय 31.8 सेंटिमीटर. ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये फटी आणि मागची बाजू उचललेली. फटीतून केबल सरळ खाली उतरते, आणि उतारामुळे मागच्या रांगेचं बटण दाबताना बूट पुढच्या रांगेच्या नॉबवर जात नाही. मागच्या उंचीखाली पूर्ण आकाराचा पॉवर सप्लाय बसवायला जागा मिळते. पेडलट्रेनच्याच नॅनो आणि मेट्रो या सपाट फ्रेम्सखाली ती मिळत नाही, तिथे पातळ युनिटच लागतं.

पेडलं खरंच मावतात का हे कागदावर मोजून घ्या. बॉसच्या कॉम्पॅक्ट पेडलाचं माप 73 बाय 129 मिलिमीटर. 1977 मध्ये ही पेडलं आली तेव्हापासूनचा साचा आजही ओळखू येतो, त्यामुळे बोर्डाचं गणित याच मापाने मांडणं सोयीचं पडतं. दोन रांगांची खोली 25.8 सेंटिमीटर होते, उरतात सहा. बॉसचा पॉवर जॅक वरच्या कडेला असतो आणि काटकोनी प्लगला दोन ते अडीच सेंटिमीटर लागतात. दोन्ही रांगांचं मिळून पाच. म्हणजे मावतं, पण हात ढिला सोडायला जागा नाही. सरळ पॉवर प्लग वापरले तर मावणारच नाही.

रुंदीत पुढच्या रांगेला ट्यूनर, कॉम्प्रेसर, टीएस9 आणि डीएस-1 मिळून 28 सेंटिमीटर होतात. खरी जागा खातात ते मधले प्लग. चपटे, ज्यांना पॅनकेक म्हणतात ते प्लगसुद्धा एकेक दीड सेंटिमीटर घेतात, आणि समोरासमोर आले की दोन पेडलांत तीन सेंटिमीटरची फट पडते. तीन फटींचे नऊ धरले की 37. बॉसच्या पेडलांचे जॅक एकाच उंचीवर असतात, म्हणून शेजारच्या दोन पेडलांचे प्लग एकमेकांना टेकतात. एक पेडल दीड-दोन सेंटिमीटर वर सरकवलं की प्लग एकमेकांच्या बगलेत बसतात आणि फट निम्मी होते. रांग थोडी वाकडी दिसते, दिसू द्या.

डायना कॉम्पचा पॉवर जॅक बाजूला, इनपुटच्याच अंगाला आहे. तिथे ऑडिओ प्लग आणि पॉवर प्लग एकमेकांवर चढतात. त्या बाजूला फट जास्त ठेवा आणि पॉवर प्लगची केबल खालच्या दिशेने वळवा. फ्लिंटचे सगळे जॅक मागच्या कडेला आहेत, त्यामुळे ते बाजूला जागा मागत नाही, मागे मागतं. ते मागच्या रांगेत शोभतं ते याचमुळे.

वाह पेडल हवं असेल तर ही फ्रेम घेऊ नका. क्राय बेबीची लांबी साधारण 25 सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही रांगांची खोली एकटंच व्यापतं आणि रुंदीतले दहा सेंटिमीटर जातात. मग 22 इंची क्लासिक 1 किंवा 24 इंची क्लासिक 2 बघावी.

पेडलं चिकटवण्याच्या वेल्क्रोबद्दल दोन गोष्टी. पट्ट्या आणि पेडलांचे तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मऊ बाजू बोर्डाला आणि खरखरीत बाजू पेडलाला लावा, दाबा आणि 24 तास पेडल बसवू नका. गोंद पूर्ण धरण्याआधी पेडल उपटलं की वेल्क्रो तिथेच राहतं आणि पट्टी सुटून येते. दुसरं, बॉसच्या तळाच्या रबरावर गोंद नीट धरत नाही. रबर काढून खालच्या पत्र्यावर वेल्क्रो लावावं लागतं. रबर काढायचं नसेल तर सायकलच्या चेनच्या कड्या वापरता येतात: कडीचं एक भोक पेडलाच्या तळाच्या स्क्रूखाली, दुसऱ्या भोकातून स्क्रू बोर्डात. पेडल तसूभर हलत नाही, मात्र ॲल्युमिनियमला भोकं पडतात आणि मांडणी बदलायची झाली की नवी पडतात.

वीज

आधी प्रत्येक पेडलाची भूक. टीयू-3 साध्या उजेडात 30 मिलिॲम्पियर घेतो, जास्त उजेडाच्या मोडमध्ये 85. डीडी-8 ला 65 लागतात, फ्लिंटला 250. कॉम्प्रेसर, टीएस9 आणि डीएस-1 ही साधी ॲनालॉग पेडलं, तिघांची बेरीज 30 धरली तरी खूप झाली. एकूण 430 मिलिॲम्पियर.

वन स्पॉट अडॅप्टर 9 व्होल्टला 1700 मिलिॲम्पियर देतो. नुसत्या बेरजेने पाहिलं तर तो चौपट पुरतो, आणि इथेच फसायला होतं. त्याच्या एका वायरला माळेसारखे प्लग असतात आणि सगळी पेडलं त्या एकाच वायरच्या ग्राउंडवर येतात. तीच पेडलं पॅच केबलच्या जाळीतूनही, म्हणजे मधल्या तारेभोवतीच्या तांब्याच्या वेष्टनातूनही, एकमेकांच्या ग्राउंडला जोडलेली असतात. दोन पेडलांमध्ये ग्राउंडच्या दोन वाटा झाल्या की वळसा तयार होतो. त्यात डीडी-8 आणि फ्लिंटसारखी डिजिटल पेडलं आतल्या क्लॉकच्या तालावर वीज ओढतात, ती थरथर सामाईक वायरवर येते आणि डीएस-1 चा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) तिला मोठं करून ॲम्पमध्ये पाठवतो. ऐकू येते ती बारीक, उंच शिट्टी. डिलेचं बटण बंद असतानाही ती येते, कारण पेडल बायपासमध्ये, म्हणजे सिग्नल न बदलता पुढे सोडत, असलं तरी आतली चिप चालूच असते.

झूमाचे नऊ आऊटपुट एकमेकांपासून विलग आहेत, म्हणजे प्रत्येकाचा ग्राउंड वेगळा. पेडलांमध्ये ग्राउंडची एकच वाट उरते, पॅच केबलची. प्रत्येक आऊटपुट 9 व्होल्टला 500 मिलिॲम्पियर देतो, त्यामुळे कुठलं पेडल कुठल्या भोकात हा विचार करावा लागत नाही. दोन आऊटपुट 9, 12 किंवा 18 व्होल्टवर ठेवता येतात. 18 वर त्यांची क्षमता 250 मिलिॲम्पियर होते. मुख्य विजेचा प्लग 100 ते 240 व्होल्ट कुठेही चालतो, आणि भिंतीकडे जाते ती साधी वायर. वजनदार अडॅप्टर सॉकेटमधून निसटण्याची भीती नाही.

अडॅप्टरबद्दल एक गैरसमज सतत भेटतो, की जास्त मिलिॲम्पियरमुळे पेडल जळेल. जळत नाही. पेडल हवी तेवढीच वीज ओढतं, आऊटपुटची क्षमता त्याहून कितीही जास्त असू द्या. जळतं ते चुकीच्या व्होल्टेजमुळे आणि उलट्या ध्रुवांमुळे. म्हणून झूमाचा तो छोटा स्विच बोर्ड बांधण्याआधी तपासा आणि 18 व्होल्ट फक्त त्याच पेडलाला द्या, ज्याच्या निर्मात्याने ते चालतं असं लिहिलं आहे. 9 व्होल्ट डीसी, मधला बिंदू ऋण, 2.1 मिलिमीटरचा प्लग हा आजचा सर्वसाधारण रिवाज आहे, पण अपवाद आहेत. जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरची फझ पेडलं बऱ्याचदा धन ग्राउंडची असतात. असं पेडल माळेवर इतरांच्या सोबत लावलं की अडॅप्टरची दोन्ही टोकं पॅच केबलच्या जाळीतून थेट जुळतात, शॉर्ट होतं. विलग आऊटपुटवर, योग्य ध्रुवांच्या केबलने, तेच पेडल सुखाने चालतं.

माळेबद्दल आणखी एक बारकावा. मधला बिंदू ऋण असल्याने प्लगचं बाहेरचं धातूचं नळकांडं धन असतं. रिकामा लोंबणारा प्लग पेडलाच्या पत्र्याला टेकला की सगळा बोर्ड विझतो. रिकाम्या प्लगवर टोपी बसवा, निदान चिकटपट्टी गुंडाळा.

झूमाच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. एसी आऊटपुट एकही नाही. लाइन 6 चं मूळ डीएल4 किंवा डिजिटेकचं चौथ्या पिढीचं व्हॅमी 9 व्होल्ट एसी मागतात, त्यांच्यासाठी स्वतंत्र अडॅप्टर ठेवावाच लागतो. आणि सहापैकी पाच पेडलं शंभराच्या आत असताना प्रत्येकाला पाचशेचा आऊटपुट देणं ही चैन आहे. व्हूडू लॅबचा पेडल पॉवर 2 प्लस याच कामाला पुरतो: आठ विलग आऊटपुट, त्यातले सहा 100 मिलिॲम्पियरचे, 5 आणि 6 क्रमांकाचे 250 चे. फ्लिंट त्या दोघांपैकी एकावरच लावायचं, आणि तिथे राखीव काही उरत नाही. शिवाय त्यात ट्रान्सफॉर्मर आहे. वाह पेडलात वेटोळं असतं, ते ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडून गुणगुणतं, म्हणून वाह त्याच्या वर बसवू नये. उद्या दोन डिजिटल पेडलं वाढणार असतील तर झूमा. ॲनालॉग पेडलांवरच समाधान असेल तर व्हूडू लॅबचं युनिट आजही चोख आहे. बोर्डावर चार-पाच ॲनालॉग पेडलंच असतील आणि गेन बेताचा असेल, तर वन स्पॉटनेही भागतं.

केबल

सहा पेडलांना पाच पॅच केबल, म्हणजे दहा प्लग, म्हणजे बिघडू शकतील अशा दहा जागा. मधेच आवाज गेला की पेडलाला दोष देण्याआधी इथे बघायचं.

सोल्डरविना जोडायच्या किटचा मोह समजण्यासारखा आहे. हवी तेवढी लांबी कापा, प्लगमध्ये खुपसा, स्क्रू आवळा. जॉर्ज एल्सच्या केबलला तर सोलावंही लागत नाही, प्लगमधला टोकदार भाग आवरण भेदून आतल्या जाळीला टेकतो. काम मिनिटाचं. बिघडतं ते दोन कारणांनी. केबल तिरपी कापली गेली की मधली तार टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून कात्रीऐवजी धारदार कटरने, काटकोनात, एका दमात कापा. दुसरं म्हणजे केबल प्लगपाशी ताणात राहिली की पकड हळूहळू ढिली होते. घरात एका जागी राहणाऱ्या बोर्डाला ही किट्स चांगली. दर आठवड्याला गाडीच्या डिकीतून प्रवास करणाऱ्या बोर्डाला डाग दिलेलेच प्लग हवेत.

डाग देताना सगळ्यात जास्त चुकणारी जागा: गिटारच्या बऱ्याच केबलमध्ये तांब्याच्या जाळीखाली काळ्या प्लास्टिकचा एक पातळ थर असतो. तो साधा प्लास्टिक वाटतो, पण वीज वाहून नेतो. केबल हलल्यावर येणारी खरखर कमी करायला तो घातलेला असतो. जाळी मागे सारून मधल्या तारेचं आवरण सोललं आणि हा काळा थर टोकापर्यंत तसाच राहिला, तर तो टिपला टेकतो आणि सिग्नल थोडाथोडा ग्राउंडमध्ये गळतो. केबल चालते, पण आवाज दबलेला, आणि कारण सापडता सापडत नाही. हा थर जाळीच्या कडेपर्यंत मागे सोला, आतलं पांढरं किंवा पारदर्शक आवरण तीन-चार मिलिमीटर दिसलं पाहिजे. सोल्डरिंगची इस्त्री 350 अंशांच्या आसपास, 0.8 मिलिमीटरची रोझिनवाली 60/40 तार. आधी प्लगच्या लगाला (तार जोडायच्या पट्टीला) आणि तारेला वेगवेगळं शिसं चढवा, मग दोन्ही जोडा. इस्त्री जास्त वेळ टेकवली की आतलं आवरण वितळून तार जाळीकडे सरकते.

प्रत्येक केबल बोर्डावर जाण्याआधी मल्टिमीटरने तपासा. टिप (प्लगचं टोक) ते टिप एक ओहमच्या आत, बाही (प्लगचा बाकीचा दांडा) ते बाही तसंच, टिप ते बाही मात्र काहीही जोडणी नको. मीटर लावलेला असतानाच केबल प्लगपाशी हलवा. आकडा नाचला तर ती केबल बाद.

लांबीचा बाऊ पॅच केबलबद्दल करू नका, लांब केबलबद्दल करा. साधारण केबलची धारिता (कपॅसिटन्स) मीटरमागे 100 पिकोफॅरड असते. पाच पॅच केबल मिळून एक मीटर होतात, शंभर पिकोफॅरड. खरा भार आहे गिटार ते बोर्ड सहा मीटर आणि बोर्ड ते ॲम्प सहा मीटर. 2.5 हेन्रीच्या सिंगल-कॉइल पिकअपला एकच सहा मीटरची केबल लावली, तर पिकअपचं अनुनादाचं शिखर, म्हणजे तो सगळ्यात जोरात उचलतो ती वारंवारता, 3.8 किलोहर्ट्झच्या आसपास येतं. बोर्डावरची सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट तारेने पुढे नेणारी) असतील तर दोन्ही केबल आणि पॅच मिळून ते 2.7 पर्यंत उतरतं. गिटार अंगावर घोंगडं घेतल्यासारखी वाजते ती यामुळेच. रांगेत पहिलाच टीयू-3 असला की हा प्रश्न मिटतो. त्यात कायम चालू राहणारा बफर (सिग्नलला पुढे ढकलणारं छोटं सर्किट) आहे, त्याच्या पुढची केबल पिकअपला दिसतच नाही. फक्त जुन्या धाटणीचं फझ असेल तर ते ट्यूनरच्या आधी लावा. फझ फेससारख्या सर्किटला समोर थेट पिकअप हवा असतो. मधे बफर आला की गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज स्वच्छ होण्याऐवजी टोचरा आणि पातळ होतो. ट्यूनर पहिलाच हवा आणि फझही हवं असेल, तर टीयू-3डब्ल्यू घ्या. त्यात बफर स्विचने बंद करता येतो.

क्रम आणि मांडणी

ट्यूनर, कॉम्प्रेसर, टीएस9, डीएस-1, डिले, फ्लिंट. कॉम्प्रेसर गेनच्या आधी, कारण नंतर लावला तर सुरांच्या मधल्या शांततेत तो डीएस-1 चा सगळा खरखराट वर ओढून आणतो. टीएस9 डीएस-1 च्या आधी, ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर. त्याचं सर्किट साधारण 720 हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवतं, त्यामुळे पुढच्या डिस्टॉर्शनमध्ये खर्ज लडबडत नाही. हीच जोडी उलटी लावून बघायला हरकत नाही, मधला भाग जास्त पुढे येतो. डिले डिस्टॉर्शनच्या आधी लावलं तर प्रत्येक पुनरावृत्ती मूळ सुरात मिसळून कुटली जाते, चिखल होतो.

सिग्नल पेडलांत उजवीकडून शिरतो आणि डावीकडून निघतो. पुढची रांग डावीकडे संपली की मागच्या रांगेची सुरुवात पुन्हा उजवीकडे, म्हणून डीएस-1 ते डीडी-8 ही एक केबल 60 सेंटिमीटरची करा आणि फ्रेमच्या खालून न्या. पॉवरच्या वायरी एका कडेने, ऑडिओ दुसऱ्या. जिथे ओलांडायचंच तिथे काटकोनात. बांधायला प्लास्टिकच्या कापाव्या लागणाऱ्या पट्ट्यांऐवजी वेल्क्रोच्या वापरा, बोर्ड कधीच कायमचा होत नाही.

डिस्टॉर्शन ॲम्पचंच वापरत असाल तर डीडी-8 आणि फ्लिंट ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (ॲम्पच्या डिस्टॉर्शननंतर सिग्नल बाहेर काढून परत घेणाऱ्या जोडणीत) हवेत, आणि गिटारची धरून चार लांब केबल होतात. इथे विलग पॉवर सप्लाय असूनही गुणगुण येऊ शकते, कारण आता वळसा ऑडिओ केबलींचाच झाला: इनपुटच्या जाळीतून एक वाट, लूपच्या जाळीतून दुसरी. उपाय म्हणजे लूपच्या एका केबलवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ॲम्पच्या प्लगची अर्थिंग तोडणं हा उपाय नाही. गुणगुण जाते, पण ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तो धक्का तारांमधून थेट हातात येतो.

आवाज शोधताना

गिटार थेट ॲम्पला लावा. गुणगुण तिथेच असेल तर बोर्ड निर्दोष आहे, सिंगल-कॉइल पिकअप आणि खोलीतले दिवे बघा. थेट शांत असेल तर बोर्ड जोडा, सगळी पेडलं बायपासमध्ये. आवाज आला तर डिजिटल पेडलांपासून सुरुवात करून एकेकाला साखळीतून पूर्ण काढा, पॉवर आणि पॅच दोन्ही. संशयित ॲनालॉग पेडलात बॅटरी घालून अडॅप्टरची वायर काढली आणि आवाज गेला, तर दोष विजेचा. बॅटरीवरही राहिला तर केबलचा किंवा पेडलाचा. एका वेळी एकच बदल करा.

तीनच पेडलं असतील तर यातलं काहीच घेऊ नका. नॅनोची 14 बाय 5.5 इंचांची फ्रेम आणि तिच्याखाली पाच आऊटपुटचा स्ट्रायमन ओजाय पुरतो. त्याचे आऊटपुटही विलग आणि 500 मिलिॲम्पियरचेच आहेत, आणि पुढे झूमा घेतलाच तर त्याच्या 24 व्होल्टच्या आऊटपुटवर हाच ओजाय जोडता येतो.